बाई, तुम्ही मला विचारलं नाहीत

बाई, आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. ते पुरं करायला मी गेल्या रविवारी वर्ध्याला, दवाखान्यात येणारच होते. ताप उतरत चाललाय असा निरोप होता. म्हटलं, पेज प्यायला लागल्या म्हणजे भांडायलाही लागतील. आणि शुक्रवारी तुम्ही गेलात. मला इथं वडनेरला शनिवारी सकाळी मोटारीच्या कंडक्टरनं सांगितलं, "तुमच्या अल्लीपूरच्या मास्तरीणबाई वारल्या म्हनते." एवढं बोलून त्यानं घंटी मारली आणि मोटार पुढं गेली. मुलांना दाखवायला मागवलेला पृथ्वीचा गोल मी त्याच मोटारीतून उतरवून घेतला होता. तो हातात धरून मी किती वेळ तशीच उभी होते. गोल कुठं ठेवावा तेही सुचेना.

परवा अल्लीपूरच्या शाळेत शोकसभा झाली. तुम्ही असता तर पहिल्या दोन भाषणांनंतर छत्री उचलून निघून गेला असता. अध्यक्ष तुम्हाला त्यागमूर्ती म्हणाले. दुसरे एक जण म्हणाले, गावाची आई गेली. मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. "आई तुमच्या घरी आहे. मी मास्तरीण आहे, मला पगार मिळतो," असं तुम्ही किती जणांना तोंडावर ऐकवलं होतं! पाटलांचा गणपतही बोलला. हिंगणघाटला वकिलाकडं कारकुनी करतो आता. त्याला पुढं बोलवेना, डोळे पुसत खाली बसला. ते मात्र खरं होतं. बोलायला बाई एकही उभी केली नव्हती. आम्हाला शेवटी फुलं वाहायला बोलावलं. मी फुलं वाहिली, आणि जे बोलायचं होतं ते आता इथं लिहिते आहे.

मी आठवीत असताना तुम्ही आलात. नाशिककडच्या, वर्ध्याला सूतकताईच्या शिबिरात आलेल्या आणि मग इकडच्याच झालेल्या. खादीचं जाडंभरडं पातळ, काखेत छत्री, पिशवीत टकळी. आमच्या 'मले-तुले'ला तुम्ही कधी हसला नाहीत, आम्ही मात्र तुमच्या 'मला-तुला'ला पदराआड भरपूर हसलो. तेव्हा शाळेत मुली मोजक्याच. रीत अशी, की आम्ही नकाशांच्या खोलीत बसून राहायचं, मास्तर वर्गावर निघाले की त्यांच्यामागून खाली मान घालून आत शिरायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर यायचं. पहिल्या दिवशी आम्ही तुमच्या मागं रांग लावली, तेव्हा तुम्ही वळून म्हणालात, "मी काय कोंबडी आहे? जा, आपापल्या पायांनी वर्गात जाऊन बसा." आम्ही गेलो. कुणीतरी शीळ घातली. माझ्या शेजारची सुमन घामानं ओली झाली. तुम्ही मुद्दाम उशीर करून आलात, आणि तोवर मुलग्यांच्या वर्गात आम्हाला कुणाच्या पाठीआड न लपता बसावं लागलं. आठवडाभरात शिट्या थांबल्या.

नागरिकशास्त्राचं पुस्तक तुम्ही झटपट उरकलंत. हक्क आणि कर्तव्यं पाठ करून घेतली नाहीत. "आपण शाळेचं सरकार करू," म्हणालात. मोठ्या निवडणुकीत पेट्यांवर चित्रं होती, तशी तुम्ही ओट्यावर गाडगी मांडलीत आणि त्यांवर चित्रं चिकटवलीत. कागद महाग, म्हणून मताला चिंचोका. तुमचंच एक जुनं पातळ आडवं बांधून पडदा केलात. मुख्यमंत्र्याच्या जागेला गणपत उभा राहिला, त्याचा बैल. दुसरं गाडगं कंदिलाचं, ते माझं. मी उभी राहिले ती तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत म्हणून. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला सांगू.

कंदिलाच्या गाडग्यात एकच चिंचोका निघाला. तो मी टाकलेला.

मुलांनी मला मत दिलं नाही याचं काही वाटलं नाही. पण मुलींनीही नाही? एकीनंसुद्धा नाही? मी सुमनला कोपऱ्यात गाठलं. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "बह्याड हायेस का वं? तू मुख्यमंत्री झाली असती तं तुले रोज पोट्ट्याईसमोर बोला लागलं असतं. गावभर तुयं नाव झालं असतं. मंग लगनासाठी तुले मांगाले कोन येईन? आमी साऱ्याजनीनं ठरवलं, तुले वाचवाचं."

मायेनं पाडलं होतं मला त्यांनी. हे मी तुम्हाला येऊन सांगितलं आणि तुम्ही इतक्या भडकलात की खडू मोडला. "ही निवडणूक मी मानत नाही. कमल मुख्यमंत्री होईल." आणि माझ्यात कुठून बळ आलं कोण जाणे, मी उभी राहिले. "नाई बाई. असं नाई चालत. जास्तीचा निकाल मानाचा असं तुमीच शिकवलं."

"ती मतं नव्हती. ती भीती होती."

"भेव असो का काई असो, चिंचोके तं त्याईनंच टाकले ना?"

तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की आता कानशिलात बसणार. मग फळ्याकडं वळलात आणि गणपतचं नाव लिहिलंत. लिहून झाल्यावर पाठमोऱ्याच म्हणालात, "निवडून दिलं म्हणजे आपण मोकळे झालो, असं कुणी समजू नये. दर शनिवारी सभा भरेल. सरकारला विचारायचं. ज्याला विचारायचं असेल त्यानं उभं राहून, मोठ्यानं." त्या दिवशी तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलला नाहीत. पण तुम्ही हरलात ते मला हरवून जिंकण्यापेक्षा मोठं होतं, हे मला तेव्हासुद्धा कळलं होतं. आजवर कितीक मास्तर पाहिले, विद्यार्थ्याचं ऐकून फळ्यावर स्वतःविरुद्ध लिहिणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

गणपतच्या सरकारनं झाडलोट मुलींकडं दिली आणि घंटा, झेंडा, मैदान मुलांकडं. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी उठले. "झाडू पोरींच्याच हाती काऊन?"

गणपत म्हणाला, "कारन त्याईले येते." सगळे हसले.

"मंग तू शिक ना. तुले हात नाईत का?"

यावर जे हसू झालं ते माझ्या बाजूचं होतं. तुम्ही ते वाया जाऊ दिलं नाहीत. लगेच हात वर करायला लावलेत. मुलींचे हात मांडीवरच. मग सुमनचा एक हात हळूच वर आला आणि त्याच्यामागून बाकीचे. ठराव झाला, आळीपाळीनं सगळ्यांनी झाडायचं. सोमवारी गणपत झाडत असताना त्याची आजी तरातरा शाळेत आली आणि त्याच्या हातचा झाडू ओढायला लागली. "पाटलाच्या पोराले झाडू देता? लाज नाई वाटत?" तुम्ही तिला खुर्ची दिलीत. म्हणालात, "बसा आजी, बघा तरी. चांगला झाडतो तो. तुमचंच वळण." म्हातारी बसली, पाहत राहिली, आणि जाताना म्हणाली, "कोपरा राह्यला रे तो." त्या दिवशी आपण किती हसलो, बाई! तुमचा हसताना आवाज फाटायचा. तो आवाज ऐकलेली माणसं शोकसभेत भाषण करणाऱ्यांत फार नव्हती.

माझे बाबा शिंपी. आमच्या ओसरीवर त्यांची मशीन आणि मशीनभोवती गाव. म्हणजे शाळेत जे झालं ते संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर पडायचंच. त्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, "तुयी पोट्टी तं वकील झाली बाप्पा. पाटलाच्या पोराले झाडाले लावून राह्यली." बाबांनी हातातली शिवण पुरी केली. रात्री जेवताना मायला म्हणाले, "उद्यापासून तिची शाळा बंद."

मी घरी बसले. तूर निवडायची, भाजी चिरायची, काजं करायची. रविवारी तुम्ही आलात. मी आतल्या खोलीत होते, दाराशी. बाबांनी पाय थांबवले नाहीत. मशीन चालूच. तुम्ही सांगत होतात, मुलगी हुशार आहे, मॅट्रिक होईल, पुढं ट्रेनिंग करील, स्वतःच्या पायावर उभी राहील. देशाला शिकलेल्या मुली हव्या आहेत, असंही म्हणालात. माय चहा घेऊन गेली, म्हणाली, "बाई, ते सारं खरं. पन तिले पुढं घरी कोन नेईन, ते देश सांगन का?" तुम्ही कप उचललात. मग मशीन थांबली आणि बाबा बोलले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता.

"मी पोट्टी शिकाले धाडली, बाई. बोलाले नाई धाडली. जाईन तं मुक्यानं जाईन. सभेत उभी नाई राह्याची. हे कबूल असन तं उद्यापासून धाडतो."

मी दाराला कान लावून होते. मला वाटलं, आता तुम्ही 'मी काय कोंबडी आहे'सारखं काहीतरी झणझणीत बोलाल. निदान म्हणाल, मुलीला बोलवा, तिला विचारू.

"कबूल," तुम्ही म्हणालात. चहा पिऊन कप खाली ठेवलात आणि निघून गेलात. दाराकडं पाहिलंसुद्धा नाहीत.

तो 'कबूल' माझा होता, बाई. तो तुम्ही कसा काय दिलात?

मी शाळेत आले आणि मुकी झाले. बाबांना दिलेलं वचन मोडलं तर शाळा जाईल, म्हणून सभेत मी दातावर दात रोवून बसायची. माझ्या वाटचे प्रश्न दुसरं कुणी विचारील असं वाटायचं, पण कुणी विचारत नसे. सुमनचं लग्न झालं. आळीपाळीचं झाडणं हळूहळू सुटलं आणि झाडू परत आमच्याकडं आला. तुम्ही सभेत एका बाजूला बसून टकळीवर सूत काढायचात, नजर खाली. एरवी तुमचं सूत किती सरळ, पण शनिवारी धागा सारखा तुटायचा. मला वाटायचं, कापसाचा पेळू खराब असेल.

मी दहावीत असताना आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. तुम्ही वर्गात नवा नकाशा टांगलात आणि म्हणालात, "बघा, आपण जागचे हललो नाही आणि आपलं राज्य बदललं." एका मुलानं विचारलं, "मंग आता आपन कोन हाओ, बाई?" तुम्ही म्हणालात, "भारताचे नागरिक. तुम्ही, मी, ही समोर बसलेली प्रत्येक मुलगी. राज्याच्या रेघा पुन्हा बदलतील, हे बदलायचं नाही." माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. जी मुलगी सभेत उभी राहू शकत नाही ती नागरिक कशी? तुमची आणि माझी नजर भिडली. तुम्ही पटकन नकाशा सरळ करायला वळलात. तो सरळच होता.

मॅट्रिक झाले. ट्रेनिंगला पाठवायला बाबा एका शब्दात तयार झाले, कारण बाईंनी दिलेला शब्द मुलीनं पाळला होता. आज माझ्या हातात नोकरी आहे, वडनेरला खोली आहे, दर महिन्याला मायला मी लुगड्यापुरते पैसे धाडते, हे सगळं त्या 'कबूल'वर उभं आहे. हे मला माहीत आहे. इतकं चांगलं माहीत आहे की त्याचाच राग येतो. मुलींनी मला वाचवलं, बाबांनी वाचवलं, तुम्ही वाचवलंत. विचारलं कुणीच नाही.

दिवाळीत तुमच्याकडं आले होते तेव्हा हे सगळं तोंडातून निघून गेलं. तुम्ही स्टोव्हला पंप मारत होतात. मी म्हणाले, "बाई, तुम्ही मला विचारलं नाहीत." कुठल्या गोष्टीबद्दल, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. पंप थांबवून तुम्ही म्हणालात, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"ते मला नाही माहीत. पण जे म्हटलं असतं ते माझं असतं."

"चहा घे, निवतोय," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, हरल्या. मोठ्या ऐटीत मी चहा प्याले. पुन्हा तुमची भेट नाही.

आता ऐका. तुम्ही दवाखान्यात होतात त्याच आठवड्यात हे झालं. माझ्या आठवीत शांता नावाची मुलगी आहे. शनिवारची सभा मी इथंही भरवते, तुमच्यासारखीच. तीत ती उठली. "बाई, आपल्या ग्रामपंचायतीत बायाईची जागा हाये. तिथं जे मेंबर हाये ते सभेत कधीच दिसत नाई. सहीचं रजिस्टर तिच्या घरी काऊन जाते?" प्रश्न असा की मी मनातल्या मनात तुम्हाला हाक मारली. मग कळलं, ती मेंबर म्हणजे शांताची सख्खी काकू, आणि रजिस्टर घरी नेणारा तिचा काका.

सोमवारी तिचे वडील शाळेत आले. भला माणूस, हात जोडून उभा. "बाई, घरात भावाभावात भांडन लागून राह्यलं. मी शाळा सोडवत नाई. पन पोट्टीनं आता सभेत तोंड उघडाचं नाई. तेवढा शब्द तुमी द्या मले, मंग मी घरी सांगतो."

शब्द तेच, बाई. माणूस दुसरा. आणि या खेपेला खुर्चीवर मी होते. मला, खरं सांगते, जोर चढला. म्हटलं, बाईंनी जे केलं नाही ते मी करीन. "थांबा," मी म्हणाले, "मी शब्द देणारी कोण? तिला विचारू." शांताला वर्गातून बोलावलं. स्टुलावर बसवलं. सगळं समजावून सांगितलं. बोललीस तर घरी त्रास होईल, शाळाही सुटू शकते. मी तुझ्या बाजूनं भांडेन, पण जिंकेन असं सांगत नाही. गप्प राहिलीस तर शाळा चालू राहील. "तू म्हणशील तसं. तुझं तू सांग."

तिनं वडिलांच्या धुळीनं भरलेल्या वहाणांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. तेरा-चौदा वर्षांची पोर. पाढे म्हणताना काढते त्या आवाजात म्हणाली, "मी नाई बोलत, बाई. मले शाळा पायजे." आणि स्टुलावरून उठत, "मी जाऊ का?"

वडिलांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाले, "लई उपकार झाले, बाई."

तेव्हापासून शांता माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. पूर्वी फळा पुसायला धावायची, आता नाही. कशी येईल? मी तिच्याच तोंडून तिचं तोंड बंद करवून घेतलं. आता ती रागावणार कुणावर? बापानं तिला मारलं नाही, मी वचन दिलं नाही. 'नाई बोलत' असं ती स्वतःच म्हणाली. माझ्याजवळ निदान तुम्ही होता, बाई. इतकी वर्षं रागवायला मला तुम्ही होता, आणि त्या रागावरच मी ताठ चालत आले. तुम्ही विचारलं असतंत तर मीही हेच म्हटलं असतं. मले शाळा पायजे. दाराआड काय बोलेन ते तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुम्ही दाराकडं पाहिलं नाहीत, आणि तो 'कबूल' माझ्याऐवजी स्वतःच्या तोंडून काढलात. दिवाळीत मी इतकं बोलले, तरी एवढं एक वाक्य तुम्ही मला सांगितलं नाहीत.

तरीही विचारायला हवं होतं, असं मी अजून म्हणते. मी हटत नाही. माणसाला त्याचं उत्तर कितीही कडू असलं तरी ते त्याला देऊ द्यावं, नाही तर नागरिक कशाला म्हणायचं? तुम्ही असता तर म्हणाला असता, तेराव्या वर्षी एवढं ओझं कुणाच्या डोक्यावर द्यायचं नसतं. मग मी काहीतरी म्हटलं असतं, मग तुम्ही. कुणाचं खरं, मला माहीत नाही. मला तुम्ही हव्या होता, बाई. निकाल लागायला नाही, नुसतं भांडायला. आता माझ्या बाजूनंही मीच बोलते आणि तुमच्या बाजूनंही मीच, आणि त्यात काही राम नाही.

भांडायला येणार होते, असं मी वर लिहिलं. ते तेवढंसं खरं नाही. शांताचं उत्तर ऐकल्यावर भांडणाचा निम्मा जोर गेला होता. उद्या शनिवार आहे. सभा भरेल. ती तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसेल, तिच्या मनात काय आहे ते मला दिसेल, आणि मी समोर बसून विचारीन, कुणाला काही विचारायचंय का. हे तुम्ही माझ्याबाबतीत इतकी वर्षं कसं सोसलंत, बाई, एवढं विचारायला मी येणार होते.